एका कार्डासाठी कौल

दर चैत्रात आम्ही सेलमहून गावी येतो, जत्रेचे आणि माहेरचे मिळून नऊ दिवस काढतो आणि परत जातो. एकवीस वर्षं हेच चाललंय, त्यामुळे याला प्रवास म्हणावं असं मला कधी सुचलं नाही. भाजी आणायला जाण्याला कोणी प्रवास म्हणतं का? पण यंदाचे नऊ दिवस लिहून ठेवावेत असे गेले. निमित्त झालं एका क्रेडिट कार्डाचं.

आधी घरची ओळख करून देते. माझे मिस्टर संपतराव. तोंडाने मी त्यांचं नाव घेत नाही, पण कागदावर घ्यायला काय हरकत आहे? ते गलाईचा धंदा करतात. सोनारांकडचे जुने दागिने वितळवून त्यातलं निखळ सोनं वेगळं काढायचं, त्याला गलाई म्हणतात. सांगली जिल्ह्यात विट्याच्या आसपास पाऊस बेताचा. तिथली माणसं दोन-तीन पिढ्यांपूर्वी हे काम शिकून देशभर पांगली. तुम्ही केरळात जा नाहीतर आसामात, सराफ बाजाराच्या मागच्या बोळात ॲसिडचा वास आला आणि आतून 'आवं, जरा पाणी आणा की' असं ऐकू आलं, की समजायचं, आमच्याकडचं कुणीतरी आहे. आम्ही सेलमला आहोत. संपतराव खाली दुकानात, मी वरच्या मजल्यावर.

गावी निघायच्या आठवडाभर आधी बँकेतले एक साहेब दुकानात आले आणि दोन माहितीपत्रकं ठेवून गेले. एक गडद निळं, त्यावर विमान. हे प्रवासाचं भारीतलं कार्ड. खर्च करू तसे पॉइंट जमणार, पॉइंटांवर विमानाची तिकिटं, विमानतळावर वेगळ्या खोलीत बसून फुकट खाणं. दुसरं साधं, पांढरं. हे धंद्याचं कार्ड. त्याची मर्यादा मोठी, पैसे फेडायला मुदत जास्त, आणि दुकानासाठी यंत्र घेतलं तर हप्ते पाडून मिळणार. साहेबांनी सांगितलं की आमच्या कागदांवर दोन्हीपैकी एकच बसतं, आणि कुठलं ते गावाहून आल्याबरोबर शुक्रवारपर्यंत कळवा.

मी प्रवासाच्या कार्डाच्या बाजूची. माझं माहेर सातारा जिल्ह्यात, मेढ्याच्या पुढे केळघरच्या अंगाला. भाऊ फौजेत आहे, आई आणि वहिनी मिळून शेत बघतात. वर्षातून एकदा मला तीन दिवस माहेर मिळतं. माझं गणित सोपं होतं. पॉइंट जमले की तिकिटं, तिकिटं आली की आम्ही वर्षातून तीनदा येऊ. संपतराव म्हणत होते, यंत्र पाहिजे. दागिना त्या यंत्राखाली धरला की पडद्यावर आकडे उमटतात, सोनं किती, तांबं किती. आमच्या बोळात दोघांनी ते घेतलंय. संपतराव अजून कसोटीच्या काळ्या दगडावर दागिना घासतात, रेघेवर ॲसिडचा थेंब सोडतात आणि डोळे बारीक करून सांगतात.

या विषयावर आमचं भांडण झालं नाही. आमच्यात भांडण म्हणजे ते गप्प बसतात आणि मी भांडी जोरात ठेवते. दोन्ही माहितीपत्रकं मी पर्सच्या एकाच कप्प्यात टाकली आणि आम्ही निघालो.

बेंगळुरूचा वडा

दर वर्षी आम्ही रेल्वेने मिरजेला उतरतो. यंदा विलासभाऊजींच्या आग्रहाने बेंगळुरूहून कोल्हापूरपर्यंत विमानाने गेलो. विलासभाऊजी म्हणजे संपतरावांचे चुलतभाऊ, गुवाहाटीचे गलाईवाले. काही कामासाठी बेंगळुरूला आले होते. बोलायला मोकळे, खर्चाला त्याहून मोकळे. विमानतळावर त्यांनी खिशातून कार्ड काढून त्या वेगळ्या खोलीच्या दाराशी टेबलावर टाकलं, तर टण् आवाज झाला. भारीतलं प्रवासाचं कार्ड धातूचं असतं हे मला तेव्हा कळलं. माहितीपत्रकात लिहिलं होतं, पण आम्हाला ते कौतुकाने लिहिल्यासारखं वाटलं होतं.

त्या कार्डावर सोबत एकच माणूस नेता येतो. संपतराव नको नको म्हणत होते, मीच त्यांना आत ढकललं आणि तीन पिशव्या सांभाळत बाहेर बसले. वीस मिनिटांनी आले. काय खाल्लं विचारलं तर म्हणाले, इडली. वर्षानुवर्षं सेलममध्ये रोज सकाळी इडली खाणारा माणूस फुकटच्या मेजवानीतही इडलीच खाऊन आला. माझ्यासाठी मात्र कागदी रुमालात एक वडा बांधून आणला होता. तो अजून गरम होता, आणि तो खाताना माझं मत निळ्या माहितीपत्रकाकडे आणखी थोडं झुकलं.

विट्याच्या पुढे

कोल्हापूरहून भाऊजींनी भाड्याची गाडी केली. सांगलीत भडंग घेतलं, तासगाव सोडल्यावर बेदाण्याच्या शेड दिसू लागल्या, आणि मग घाट चढून माळावर आलो तसा वारा कोरडा झाला. माझ्या सासरच्या गावात बाहेरचा माणूस पहिल्यांदा आला की चक्रावतो. चहूकडे बाभळी, खडक, मेंढरं, आणि मधोमध दुमजली-तिमजली बंगले. रंगीत काच, स्टीलचे कठडे, गच्चीवर कळस. आणि दहातल्या आठ बंगल्यांना कुलूप. आम्ही गलाईवाले ते बांधतो आणि वर्षातून आठ-दहा रात्री त्यात झोपतो. गावात कुणाला आडनावानेही हाक मारत नाहीत. आम्ही सेलमवाले, भाऊजी गुवाहाटीवाले, पलीकडे कोचीनवाले.

आमच्या चाव्या शेवंताकाकूंकडे असतात. त्यांचं घर मेंढरं राखणारं, अजूनही त्यांचे यजमान पावसाळ्यानंतर कळप घेऊन लांब जातात. सात-आठ बंगल्यांच्या चाव्या त्या एका दोऱ्यात ओवून खुंटीला ठेवतात. कुणाचा नळ गळतो, कुणाच्या पंख्याला आवाज येतो, हे त्यांना मालकांपेक्षा जास्त माहीत. कुलूप काढता काढता त्यांनी दर वर्षीचा प्रश्न विचारला, "किती दिस?" तमिळनाडूत माणूस भेटला की आधी विचारतात, 'साप्टींगळा?', म्हणजे जेवलात का. आमच्या गावात गलाईवाल्याला आधी विचारतात, किती दिवस. दोन्ही मायेनेच विचारलेले प्रश्न, पण पहिल्याचं उत्तर देणं सोपं असतं.

जत्रेचं वर्णन करत बसत नाही, पालखी, गुलाल आणि दुसऱ्या दिवशीचं मटण सगळ्या जत्रांत सारखंच. एक गोष्ट मात्र आमच्याकडेच दिसेल. देवळासमोर पोरांचा घोळका खेळत असतो, त्यातलं एक मल्याळम बोलतं, एक बंगाली, एक तमिळ, आणि सगळी मिळून चुलतभावंडं. मग ती आपापसात हिंदी बोलतात आणि ज्वारीची भाकरी हातात कशी धरायची ते शेवंताकाकू सगळ्यांना एकदम शिकवतात.

तर मटणाच्या दिवशी दुपारी आमच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या पडवीत, सगळे बसले होते. मधोमध तात्या. तात्या म्हणजे संपतरावांचे थोरले चुलते, गावातून गलाईला बाहेर पडलेल्या पहिल्या माणसांपैकी एक. आता ऐंशीच्या घरात, पण नजर तीच. भाऊजींनी त्यांच्या हातात ते कार्ड दिलं आणि म्हणाले, तात्या, हे बघा, गोल्डच्या वरचं हाय. बँकेच्या भाषेत ते खरंच असेल. पण आयुष्यभर सोनं गाळलेल्या माणसाला हे सांगणं चूक होतं.

तात्यांनी कार्ड तळहातावर तोललं. उलटंसुलटं केलं. मग आतून कसोटीचा दगड मागवला आणि कार्डाची कड त्यावर करकरून घासली. रेघेवर थेंब सोडला. सगळे पुढे वाकले, आणि खरं सांगते, मीही. तात्या म्हणाले, "वरनं लोखंड दिसतंय. एवढं भारी म्हणत्यात म्हंजी आत कायतरी असंल." आणि भाऊजी हात पुढे करेपर्यंत त्यांनी बारीक कानस काढून कोपरा दोनदा घासलासुद्धा. आतही लोखंडच निघालं. आमच्या लोकांचा हा जन्माचा दोष आहे. वस्तू हातात आली की तिच्या आत काय आहे ते बघितल्याशिवाय चैन पडत नाही, आणि माणसांच्या आत काय आहे ते मात्र कुणी विचारत नाही.

औंध

जत्रा उरकल्यावर यमाईच्या दर्शनाला औंधला जायचं आणि तिथून साताऱ्यामार्गे माझ्या माहेरी, असा आमचा ठरलेला रस्ता. भाऊजी साताऱ्यापर्यंत सोबत होते. पुसेसावळीच्या बाजूने गेलो. शेतं नांगरून मोकळी पडलेली, कुठे कुठे पाटाच्या पाण्यावरचा ऊस. औंधच्या डोंगरावर देवळापर्यंत गाडी जाते, पण संपतराव पायऱ्यांनीच जातात. निम्म्यावर दम लागला तेव्हा आम्ही तिघं कठड्यावर बसलो. खाली गाव, तळं, आणि लांबपर्यंत पिवळट माळ.

भाऊजी तोवर आपल्या कार्डाचे गुण सांगत होते. गेल्या वर्षी तीनदा गावी आलो म्हणाले. मी विचारलं, मग जाऊबाई कशा दिसल्या नाहीत? म्हणजे त्यांची बायको. जत्रेलाही आल्या नव्हत्या. ते थोडा वेळ शर्टाने वारा घेत राहिले. मग म्हणाले, दुकान कुणीतरी बघायला पाहिजे ना वहिनी, मी आलो की ती राहते. तीन वर्षं झाली, आली नाही ती. हे त्यांनी इतकं सरळ सांगितलं की मला त्यांचा राग येता येता राहिला. वर जाईपर्यंत माझ्या डोक्यातून जाऊबाई गेल्या नाहीत. मी चैत्रात तरी येते.

रहिमतपूरमार्गे साताऱ्यात पोचलो, कंदी पेढे घेतले आणि जेवायला बसलो. जेवण भाऊजींचं. त्यांनी कार्ड दिलं, तर ते हॉटेलातल्या यंत्रात पुरतं जाईना. कोपऱ्याला कानस लागली होती तिथे धार आली होती. दुसऱ्या यंत्रात गेलं, पण यंत्राने ते ओळखलं नाही. वेटरने कार्ड पुसून बघितलं, फुंकून बघितलं. शेवटी फोनवरून पैसे दिले. भाऊजींनी तिथूनच तात्यांना फोन लावून तक्रार केली. तात्या म्हणाले, लोखंडच होतं रं, एवढं काय मनाला लावून घेतोस. संपतराव पाणी पिता पिता एवढे हसले की ठसका लागला. सेलमहून निघाल्यापासून ते पहिल्यांदा हसत होते, हे मला त्यांच्या पाठीवर थापटताना लक्षात आलं.

मेढा

सातारा सोडून मेढ्याकडे वळलं की मी खिडकीची काच खाली करते. कण्हेर धरणाचं पाणी दिसतं, वेण्णेच्या कडेने रस्ता जातो, आणि डोंगर दोन्हीकडून जवळ येतात. सासरच्या माळावर नजर लांब जाते, माहेरी ती समोरच्या डोंगराला अडते. मला अडलेली बरी वाटते. रस्त्याकडेला बायका पळसाच्या पानांत करवंदं विकत होत्या. घेतली आणि वाटेतच निम्मी संपवली.

आईने ओट्यावरूनच मला पाहिलं आणि आत जाऊन चुलीवर नाचणीची भाकरी टाकली. बरं आहेस का वगैरे आमच्यात विचारत नाहीत. भाकरी, फणसाच्या कुयरीची, म्हणजे कोवळ्या फणसाची, भाजी, आणि वरून कच्चं तेल. सेलममध्ये मी नाचणी आणते, तिथे तिची गोड आंबील करतात, तीही मला आवडते. पण भाकरी तिथल्या गॅसवर फुगत नाही.

संध्याकाळी आईबरोबर शेतावर गेले. शेत म्हणजे उतारावरची भाताची खाचरं, एकाखाली एक. चैत्रात ती रोपांसाठी पालापाचोळा जाळून भाजलेली, काळी, राख पसरलेली असतात. मी आईला म्हटलं, आपलं शेत किती ओसाड दिसतं गं. ती थांबली. कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत म्हणाली, "तू येतीस तवा असंच दिसनार. एकवीस वर्सं झाली, तू भाताची लावणी कुठं बघितलीस?"

मला ते एकदम लागलं. खरंच होतं. लग्न झाल्यापासून मी माझं माहेर फक्त चैत्रात बघितलं होतं. खाचरात पाणी कसं दिसतं, लावणीच्या दिवसांत गाव किती वाजता उठतं, डोंगर कुठून हिरवा व्हायला लागतो, हे सगळं मी लग्नाआधीचं सांगत होते, आणि जणू कालचं असल्यासारखं सांगत होते. मी आईला म्हटलं की आता कार्ड येतंय, मग आम्ही लावणीलाही येऊ. तिने कार्ड म्हणजे काय ते विचारलं नाही. जावईबापू दुकान टाकून आखाडात येतील का, एवढंच विचारलं.

रात्रीच्या जेवणात कार्डाचा विषय निघालाच. मी माझं सांगितलं, संपतराव भाकरीचे तुकडे करत राहिले. वहिनीने जास्तीची आमटी वाढली. शेवटी आई वैतागली. तिच्या मते दोन मोठी माणसं ताटावर बसून रुसतात हे काही बरं दिसत नव्हतं. उद्या मंगळवार आहे, म्हणाली, देवीला कौल लावा आणि मोकळे व्हा.

देवीपुढे

कौल ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या गावची देवी म्हणजे शेंदूर लावलेला पाषाण, डोंगराच्या पायथ्याला कौलारू देवळात. कुणाला काही ठरवता येत नसलं, की गुरव देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवतात आणि विचारणारा प्रश्न विचारतो. उजवीकडची आधी पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही. लग्न, जमीन, विहीर, सगळं तिथे विचारलं जातं. क्रेडिट कार्ड पहिल्यांदाच गेलं.

गुरवआबांना मी लहानपणापासून ओळखते. त्यांनी कळ्या भिजवल्या, आणि मी घरून ठरवून आणलेलं सांगितलं. उजवी पडली तर प्रवासाचं कार्ड, डावी पडली तर धंद्याचं. आबांनी मान हलवली. म्हणाले, देवीपुढे दोन वस्तू मांडून निवड म्हणायचं नसतं. होय की नाही एवढंच विचारायचं. आणि घरादाराचा मिळून एक प्रश्न चालत नाही. ज्याला विचारायचं त्याने स्वतःचं नाव घ्यायचं, स्वतःपुरतं विचारायचं, आणि का विचारतो तेही मोठ्याने सांगायचं. ही इथली रीत.

मी संपतरावांकडे बघितलं. मला वाटलं, हे आता हात जोडून मागे सरकतील. पण ते पुढे झाले. टोपी नव्हती म्हणून डोक्यावर रुमाल टाकला. स्वतःचं पूर्ण नाव घेतलं, गाव सांगितलं. मग थांबले. आबा म्हणाले, का ते सांगा. संपतराव पाषाणाकडे बघत म्हणाले, "गिऱ्हाईक निम्मं ऱ्हायलंय. डोळ्यांना आता रेघ नीट दिसत न्हाई. यंत्र घेतलं तर धंदा टिकंल का?"

हे मला माहीत नव्हतं. मी त्याच घरात, त्यांच्याच डोक्यावर राहते आणि मला माहीत नव्हतं. खालून ॲसिडचा वास पूर्वीपेक्षा कमी येतो हे जाणवलं होतं, मी समजले खिडकीची दिशा बदलली. डोळे बारीक करून दागिना बघण्याची त्यांची मी थट्टा करत होते. आधी मला राग आला, एवढं मोठं दगडाला सांगितलंत आणि मला नाही. मग तो राग टिकेना, कारण ते डोक्यावरचा रुमाल दोन्ही हातांनी घट्ट धरून उभे होते.

कळ्या पडेनात. पाच मिनिटं झाली असतील. देवळात आई, वहिनी, आबा आणि आम्ही दोघं, कुणी हललं नाही. मी मनातल्या मनात देवीला म्हणत होते, माझं जाऊ दे, उजवी पाड. आणि उजवी पडली. संपतरावांनी रुमालाने तोंड पुसलं आणि बराच वेळ पुसतच राहिले.

आता माझी पाळी होती. खरं तर मला विचारायचं काही उरलं नव्हतं, पण आबांनी नव्या कळ्या लावल्या होत्या. मी हात जोडले आणि सुरुवात केली, की आम्हाला वर्षातून तीनदा... आबांनी अडवलं. तुझ्यापुरतं विचार पोरी, म्हणाले. सांगायला लाज वाटते, पण चव्वेचाळीस वर्षांच्या बाईला स्वतःपुरतं काय हवंय ते सापडायला वेळ लागला. शेवटी नाव घेतलं आणि विचारलं, मी लावणीला आईकडे येऊ का?

आबांनी कळ्यांच्या ताटलीवरचा हात काढून घेतला. "हे देवीला कशाला इचारतीस?" म्हणाले. "ही गाडीची येळ इचारायची गोष्ट हाय. गाडीत बस आन् ये."

आई पदर तोंडाला लावून हसायला लागली, मग वहिनी. मीही हसले, पण माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. एकवीस वर्षं मी वाट बघत होते ती तिकिटांची, पॉइंटांची, सुट्टीची. कुणीतरी मला घेऊन येईल याची. संपतरावांनी मला कधी जाऊ नको म्हटलं नव्हतं. जा असंही म्हटलं नव्हतं, आणि मीही जाते म्हटलं नव्हतं. आमच्याकडे गलाईवाल्याची बायको जत्रेला नवऱ्याबरोबर येते आणि नवऱ्याबरोबर जाते, हा काही कुणी घातलेला नियम नाही. कुणी तो मोडून बघितला नव्हता, एवढंच.

परत येताना संपतराव माझ्या पुढे चालत होते. वाटेत थांबून त्यांनी मला विचारलं, एकटी येशील एवढं लांब? मी म्हटलं, तुम्ही अठराव्या वर्षी भाषा येत नसताना सेलमला गेलात, मला तर इथली भाषा येते. त्यांना हे पटलं असावं, कारण त्यांनी वाटेवरची करवंदं तोडून माझ्या हातात दिली. आणि मग घरी पोचेपर्यंत ते दुकानाबद्दल बोलत होते. कुठलं गिऱ्हाईक गेलं, कुठलं परत येईल, यंत्र कुठे ठेवायचं. एवढं बोलताना मी त्यांना लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकलं.

सेलम

शुक्रवारी आम्ही बँकेत धंद्याचं कार्ड कळवलं. साहेबांनी विचारलं, मॅडमना तर विमानाचं आवडलं होतं ना? मी म्हटलं, मला रेल्वेत झोप चांगली लागते. कार्ड आलं, साधं प्लॅस्टिकचं. पुढच्या पंधरवड्यात यंत्र आलं आणि संपतरावांनी पहिल्यांदा त्याखाली आपलीच अंगठी धरली. आकडा बघून म्हणाले, बरोबर सांगतंय. जुनी गिऱ्हाइकं सगळी परत आली असं नाही, पण दुपारी बोळातून कुणी ना कुणी डोकावतं. खिडकीतून येणाऱ्या वासावरून मला आता अंदाज येतो, आणि नाही आला तर मी खाली जाऊन विचारते. ते सांगतात.

लावणीच्या दिवसांचं आरक्षण सुरू झालं त्या सकाळी संपतराव फोन घेऊन वर आले. बेंगळुरू ते सातारा. प्रवाशाच्या जागी सवयीने आधी त्यांनी स्वतःचं नाव टाकलं. मग ते खोडून माझं टाकलं, वय विचारलं, आणि मी खरं सांगितलं. खिडकीजवळची जागा मिळाली. त्यांनी जेवणाचं काय ते विचारलं नाही, फक्त फोनमध्ये बघत विचारलं, "परतीचं कवाचं काढू?"

लावणी किती दिवस चालते ते मला आठवेना. एकवीस वर्षं झाली होती.

"लावणी उरकली," मी म्हटलं, "की परतीचं माझं मी काढीन."